माठातला खर्ज

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कारण सांगितलं तर हसाल. गेले चार महिने मी सबवूफर शोधत होतो.

हो, सबवूफरच. वय वर्षे चौऱ्याहत्तर, मुक्काम बोरी, तालुका जिंतूर, पेशा निवृत्त मास्तर, आणि डोक्यात सबवूफर! आमच्या हिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "अहो, या वयात आता डीजे लावता का घरात?" पुण्याहून आलेल्या नातवाला मात्र आनंद झाला. तो म्हणाला, "आबा, पत्रे हलले पाहिजेत!" दोघांनाही समजावून सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहायला बसलो. तेवढंच नातेवाइकांनाही एकदाच कळेल.

मूळ कारण कानाचं. मागच्या वर्षी परभणीला कान तपासले. डॉक्टरांनी कागदावर आलेख काढून दाखवला. डावीकडं खालचे सूर, उजवीकडं वरचे. डावीकडं रेष बऱ्यापैकी सपाट होती आणि उजवीकडं शाळेतल्या घसरगुंडीसारखी खाली गेलेली. वयाबरोबर माणसाचे वरचे सूर आधी जातात. 'स' आणि 'श' यांतला फरक जातो, मनगटी घड्याळाची टिकटिक जाते. खालचे सूर पुष्कळ दिवस साथ देतात. घरी येताना एसटीत मी विचार करत होतो, की जे आपल्याला अजून नीट ऐकू येतं ते आपल्या घरातल्या यंत्रातून निघतच नाही! माझे स्पीकर बुकशेल्फ जातीचे, पाच इंची पडद्याचे. पुस्तकांच्या कपाटात बसतात, आवाज स्वच्छ, पण खाली उतरायचं म्हटलं की अर्ध्या पायरीवर थांबतात.

दुसरं कारण एक कॅसेट. तिच्याबद्दल शेवटी सांगतो.

आमचे दादा, म्हणजे वडील, गावच्या भजनात पखवाज वाजवायचे. शेतकरी माणूस, शिकलेले नव्हते, पण हात गोड. भजनाला जायच्या आधी ते आईकडं कणकेचा गोळा मागायचे. ती कणीक पखवाजाच्या डाव्या पुडीवर थापायची, बोटानं गोल करायची, थाप मारून बघायची, थोडी काढायची, पुन्हा थोडी लावायची. कणीक जड, म्हणून पुडी सावकाश हलते, म्हणून आवाज खाली जातो. उजव्या पुडीवर मात्र कायमची शाई. हे का करतात याचा शोध पुढं चंद्रशेखर वेंकट रामन यांनी घेतला. १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत आपल्या तालवाद्यांवर टिपण लिहिलं. साध्या चामड्याच्या ढोलाचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, पण शाईच्या वजनामुळं आपल्या मृदंग-तबल्याचे उपस्वर तारेच्या वाद्यासारखे सुरात येतात, असं त्यांनी दाखवलं. दादांना रामन ठाऊक नव्हते. कणीक किती लावायची ते ठाऊक होतं.

लहानपणी मी देवळात दादांच्या डाव्या हाताशी बसायचो. तो आवाज कानानं ऐकायचा नसतोच, बसल्या जागी फरशीतून वर येतो. आपल्या भाषेत त्याला शब्द चांगले आहेत. गळ्याचा असेल तर खर्ज, वाद्याचा असेल तर घुमारा. धमक वेगळी. धमक छातीवर येते, घुमारा आत शिरतो. सबवूफर घेताना हा फरक ज्याला कळतो तो फसत नाही, असं माझं मत झालंय. आणि तो फरक आपण विसरलो कसे याला शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

हिंदुस्थानात आवाज तबकडीवर घ्यायला सुरुवात झाली १९०२ साली. फ्रेड गायसबर्ग नावाचा माणूस ग्रामोफोन कंपनीतर्फे कलकत्त्याला आला आणि गौहर जान यांची गाणी त्यानं ध्वनिमुद्रित केली. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकानं एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचं, त्या आवाजाच्या जोरानंच सुई हलायची आणि मेणात खाच पडायची. विजेचा संबंधच नाही. या पद्धतीत फार खालचे सूर येत नसत आणि फार वरचेही येत नसत, मधला पट्टा तेवढा उमटायचा. त्या काळच्या तबकड्या आज ऐका. तबल्याची टिचकी येते, डग्ग्याचा घुमारा जवळजवळ नाही. गाणाऱ्याचा आवाज लांबच्या विहिरीतून आल्यासारखा. ती तीन-साडेतीन मिनिटं ऐकून लोक वेडे व्हायचे हे खरंच, पण यंत्रानं पहिल्याच दिवशी डावा हात कापून ठेवला होता.

१९२५ हे साल लक्षात ठेवण्यासारखं. त्या वर्षी मायक्रोफोन आणि विजेच्या साहाय्यानं ध्वनिमुद्रण बाजारात आलं. त्याच वर्षी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग या दोघांनी चुंबक, तारेचं वेटोळं आणि कागदी शंकू असलेला स्पीकर कसा असावा ते लिहून प्रसिद्ध केलं. आज तुमच्या टीव्हीत, मोबाईलमध्ये, डीजेच्या भिंतीत जे आहे ते सगळं त्याचंच कुटुंब. म्हणजे खर्ज यंत्रात शिरण्याची सोय झाली.

पण आमच्या घरात शिरायला आणखी पन्नास वर्षं लागली!

आमच्याकडं आधी आला तो ट्रान्झिस्टर. चामड्याच्या पिशवीतला, तीन इंची स्पीकरचा. त्याचं लायसन्स पोस्टात जाऊन दरवर्षी नवं करावं लागे. सिलोनवरची बिनाका गीतमाला १९५२ पासून होती, विविध भारती १९५७ पासून. माझं सगळं संगीताचं शिक्षण त्या तीन इंचांतून झालं. आता गंमत पाहा. पुरुषाचा बोलण्याचा मूळ सूर साधारण शंभर-सव्वाशे हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं. तो तीन इंची स्पीकर दोनशेच्या खाली जवळजवळ मुका. तरी अमीन सयानींचा आवाज आम्हाला भारदस्तच वाटायचा. कारण मूळ सूर नसला तरी त्याचे उपस्वर ऐकून मेंदू तो सूर स्वतःच तयार करतो. टेलिफोनचा कारभार वर्षानुवर्षं याच्यावरच चालला, तिथं ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा. म्हणजे आम्ही आयुष्यभर अर्धा आवाज ऐकला आणि अर्धा मनानं भरला. वाईट काही नाही. शिकवतानाही वर्गात अर्धंच सांगावं लागतं. पण पखवाजाच्या बाबतीत मन भरून देतं ते फक्त सुराचं नाव, फरशीतून येणारी ती थरथर मनाला तयार करता येत नाही.

देवळावरचा भोंगा तर त्याहून वाईट. भोंग्याचा आवाज दोन मळे ओलांडून जातो, कारण तो मधल्या सुरांचाच असतो. सप्त्यात दादा भोंग्यावरून वाजायचे तेव्हा शिवारातल्या लोकांना कुणीतरी पत्र्याच्या डब्यावर टिचक्या मारतंय असं वाटत असणार.

मग आला माठ. हा भाग मला फार आवडतो.

१९८० च्या दशकात कॅसेटची लाट आली. कॅसेट फिलिप्सनं १९६३ सालीच काढली होती, पण खेड्यापाड्यात ती पोचली स्वस्त कॅसेट निघाल्यावर. प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं आणि भीमगीतं गल्लोगल्ली वाजू लागली. टेपरेकॉर्डरचा आवाज पुरेना, म्हणून पोरांनी सुटे स्पीकर आणून मातीच्या माठाच्या तोंडावर बसवायला सुरुवात केली. माझ्या वर्गातल्या एका मुलानं माझ्याच घरचा माठ नेऊन तसं केलं होतं. (माठ परत आला नाही.) आणि खरोखर आवाज बदलायचा! गोल व्हायचा, खाली यायचा. आम्ही मास्तर मंडळी हसायचो. हसायला नको होतं. तोंड असलेल्या पोकळीत हवा ठरावीक सुरात घुमते हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं एकोणिसाव्या शतकात मांडलं होतं, आणि स्पीकरच्या पेटीला भोक पाडून ती घुमणारी हवा कामाला लावायची युक्ती बेल प्रयोगशाळेतल्या थुरस यानं १९३२ सालच्या पेटंटात नोंदवली होती. आज ज्या सबवूफरला पुढं किंवा मागं गोल भोक असतं तो या माठाचाच भाऊ. भोकाचा फायदा असा, की थोड्या वॅटमध्ये जास्त खाली जाता येतं. तोटा असा, की पेटीचं माप चुकलं तर माठ आपलाच एक सूर सगळ्या गाण्यांवर लादतो. यमन असो की लावणी, घूं तेच. ही मापं हिशेबानं काढायची रीत ऑस्ट्रेलियात १९६१ साली नेव्हिल थील यांनी घातली आणि पुढं रिचर्ड स्मॉल यांनी ती वाढवली. त्याआधी सगळा अंदाजच, आमच्या पोरांसारखा.

दुसरी जात बिनभोकाच्या बंद पेटीची. तिचा जनक एडगर व्हिलचर. हा माणूस माझा आवडता, कारण मास्तर! न्यूयॉर्क विद्यापीठात तो ध्वनीवर वर्ग घ्यायचा. पूर्वी खर्ज हवा तर पेटी कपाटाएवढी लागे. व्हिलचरनं लहान पेटी घट्ट बंद केली आणि आतली कोंडलेली हवाच शंकूची स्प्रिंग म्हणून वापरली. वर्गातलाच एक विद्यार्थी, हेन्री क्लॉस, त्याला भागीदार मिळाला आणि १९५४ साली दोघांनी तो स्पीकर बाजारात आणला. मध्यमवर्गीय माणसाच्या खोलीत मावेल असा खर्ज त्या दिवसापासून सुरू झाला म्हणायला हरकत नाही. पुढं व्हिलचर श्रवणयंत्रांच्या संशोधनाकडं वळला. खालचे आणि वरचे सूर वेगवेगळे दाबून-वाढवून ऐकवायची पद्धत त्यानं १९७३ साली प्रसिद्ध केली आणि तिचं पेटंट न घेता सगळ्यांना मोकळी ठेवली. माझ्या उजव्या कानात आज जे यंत्र आहे त्याचा आजोबा तोच. म्हणजे माझ्या कानाच्या दोन्ही टोकांना एकच मास्तर उभा आहे, एकीकडं खर्ज देणारा आणि दुसरीकडं 'स' परत आणणारा.

'सबवूफर' म्हणून वेगळा डबा मात्र पुढचा. १९६८ च्या सुमारास अमेरिकेतल्या इन्फिनिटी कंपनीनं अठरा इंची शंकूचा स्वतंत्र डबा काढला, किंमत अर्थातच श्रीमंतांची. १९७४ साली 'अर्थक्वेक' सिनेमासाठी थिएटरांत प्रचंड पेट्या ठेवून प्रेक्षकांना भूकंप 'बसवून' दाखवला गेला. १९९२ साली 'बॅटमॅन रिटर्न्स'पासून डॉल्बीच्या डिजिटल पद्धतीत खर्जासाठी वेगळा मार्गच मिळाला. पाच पॉइंट एक मधला तो 'एक'. इथं गाडी रुळावरून घसरली असं मला वाटतं. संगीतासाठी निघालेला डबा स्फोटासाठी राबू लागला. घुमारा मागं पडला, धमक पुढं आली.

आपल्याकडं त्याच काळात आणखी एक गंमत होती, पीएमपीओ! टू-इन-वनवर '१००० वॅट पीएमपीओ' असं चकचकीत स्टिकर असायचं. क्षणभराच्या काल्पनिक शिखराचा तो आकडा. सतत मिळणारी खरी ताकद आरएमएस वॅटमध्ये मोजतात, ती त्या यंत्राची दहा-वीस सुद्धा नसायची. आमच्या स्टाफरूममध्ये 'माझा आठशेचा, तुझा बाराशेचा' अशी स्पर्धा चालायची, गणिताच्या मास्तरांसकट.

आणि डॉल्बी. महाराष्ट्रात मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला लोक 'डॉल्बी' म्हणतात. रे डॉल्बी हा सज्जन माणूस प्रसिद्ध झाला तो १९६५ सालापासून, टेपवरची खरखर कमी करण्याच्या पद्धतीमुळं! गोंगाट कमी करणाऱ्याचं नाव गोंगाटाला, हा आपला मराठी विनोद. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. पण ते डेसिबल 'ए' मापानं मोजतात, आणि त्या मापात ५० हर्ट्झचा आवाज तीस डेसिबलनं कमी धरला जातो. म्हणजे ज्या खर्जानं म्हाताऱ्याची छाती धडधडते तोच मोजणीत जवळजवळ निसटतो. हिचा विरोध मला अमान्य नव्हता तो याचमुळं. मागच्या मिरवणुकीत आमच्या मांडणीवरचे पेले खाली आले होते.

असो. तर एवढं वाचून-ऐकून मी खरेदीला निघालो. मर्यादा पंधरा हजारांची, ती हिनं ठरवलेली. पहिल्या दुकानात कॉम्प्युटरजवळ ठेवायचा टू पॉइंट वन संच समोर आला. लाकडी पेटी, निळा दिवा, वर 'सबवूफर' लिहिलेलं. आत शंकू चार इंचांचा. चार इंच हवा ढकलून चाळीस हर्ट्झचा सूर कसा निघणार? त्या सुराची एक लाट साधारण अठ्ठावीस फूट लांब असते. मी घरून पखवाजाचं एक ध्वनिमुद्रण नेलं होतं, ते लावलं. प्रत्येक थापेला तोच घूं. माठच, पण बिघडलेला. विक्रेता म्हणाला, "काका, बेस बघा की कसा आहे!" बेस होता, पखवाज नव्हता.

शेवटी परभणीतच एका तरुणानं गाव सोडताना विकायला काढलेला दहा इंची डबा मिळाला, नऊ हजारांत. जुना, कोपरा थोडा खरचटलेला, पण स्वतःचा अँप्लिफायर आत असलेला. मागं स्पीकरच्या तारा जोडायची सोय होती, हे महत्त्वाचं. माझ्या जुन्या अँप्लिफायरला सबवूफरचं वेगळं तोंडच नाही, तेव्हा स्पीकरला जाणाऱ्या तारांतूनच आवाज घ्यावा लागतो. नव्या डब्यांत ही सोय काढून टाकतात, घेणाऱ्यांनी आधी मागची बाजू बघावी, पुढची जाळी नंतर.

डब्याला भोक होतं. मला व्हिलचरची बंद पेटी हवी होती. मग माझा एक लोकरी पायमोजा गुंडाळून भोकात कोंबला. सगळ्यांत खालचा भाग थोडा कमी झाला, पण थाप सुटी झाली. एक थाप संपून दुसरी सुरू होते हे कळू लागलं. सिनेमा बघणाऱ्यांनी मोजा काढावा.

जागेचा प्रश्न मोठा निघाला. आमची मागची खोली माळवदाची, भिंती हातभर जाड, तिथं काही थरथरत नाही. पुढची पत्र्याची, तिथं लावला तर पखवाजापेक्षा पत्रेच जास्त वाजतात. नातवाची इच्छा पूर्ण झाली तेवढ्यापुरती. माळवदाची खोली बारा फुटांची. हिशेब केला तर बारा फुटांत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतीला भिंत आपटून फुगतो. कुठं दुप्पट, कुठं शून्य. यावर जुनी युक्ती अशी, की डबा आपल्या खुर्चीवर ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण जमिनीवर रांगत फिरायचं. जिथं खर्ज सगळ्यांत सारखा ऐकू येईल तिथं डबा ठेवायचा. मी रांगत असताना शेजारच्या वहिनी वाटी मागायला आल्या. त्यानंतर गावात माझ्या तब्येतीची चौकशी वाढली आहे.

वरची मर्यादा ८० हर्ट्झवर ठेवली. आवाजाचं बटण इतकं खाली, की डबा चालू आहे हे कळू नये, बंद केल्यावर मात्र काहीतरी गेलं असं वाटावं. रात्री हळू ऐकताना तर याची फार गरज. आवाज लहान केला की कानाला खालचे सूर आधी कमी पडतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच ते मोजून ठेवलंय. जुन्या यंत्रांवर 'लाउडनेस' नावाचं बटण असायचं ते याचसाठी. आम्ही ते नुसतं मोठ्या आवाजाचं समजून लग्नात दाबायचो.

पहिल्या रात्री झिया मोहिउद्दीन डागरांची रुद्रवीणा लावली. त्यांनी जाड तारा आणि मोठे भोपळे लावून वीणाच खोल करून घेतली होती. पूर्वी मला त्या आलापात मधे मधे नुसती शांतता ऐकू यायची. ती शांतता नव्हती. तिथं सूर होते. दिवा बंद करून तासभर बसलो. हीसुद्धा हातातलं काम ठेवून उंबऱ्यापाशी बसली, आणि डीजेचा विषय त्या दिवसापासून निघाला नाही.

आता ती कॅसेट.

१९८६ च्या सप्त्यात मी शाळेतून कर्जाऊ आणलेल्या टेपरेकॉर्डरवर दादांचं भजन टेप केलं होतं. दादा १९९१ साली गेले. त्यांचा आवाज आणि हात असलेली ती एकच कॅसेट. इतकी वर्षं मी समजत होतो की माझे स्पीकर लहान आहेत म्हणून त्यात डावा हात ऐकू येत नाही. खरं सांगायचं तर सगळा खटाटोप त्यासाठीच होता.

लावली. टाळ आले. दादांनी घेतलेला अभंगाचा उचल आला. उजव्या पुडीचे बोल स्वच्छ आले. डावीकडून काहीच आलं नाही. तसं ते येणारही नव्हतं. त्या टेपरेकॉर्डरचा आतला मायक्रोफोन बोटाच्या पेराएवढा, बोलणं टिपण्यासाठी केलेला. शिवाय टाळ वाजले की यंत्र आपणहून सगळा आवाज दाबायचं. पखवाजाचा घुमारा टेपवर उतरलाच नव्हता. जे उतरलं नाही ते कोणताच डबा काढून देऊ शकत नाही, नऊ हजारांचा नाही आणि नऊ लाखांचाही नाही. हे मला इतिहास वाचताना कळायला हवं होतं. कलकत्त्याच्या १९०२ च्या तबकड्यांबद्दल मीच वर एवढं लिहिलंय.

सबवूफरमधून एकच सूर येत होता. बारीक, अखंड, टाळांच्या खालून. मी डब्याला कान लावला. टेपरेकॉर्डर विजेवर चालवला होता, त्या विजेची गुणगुण टेपवर उतरली होती. ५० हर्ट्झ.

ही स्वयंपाकघरातून आली. "काय घुमतंय हो ते?"

म्हटलं, "वीज."

ती जरा वेळ ऐकत उभी राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्या वर्षी सप्त्यात लाईट गेली नव्हती तर."